बॉयलरच्या कपाटातली बिअर

...आणि वर तोच मला शिकवतो! मागच्या समरला आमच्या लंडनमधल्या हाउन्सलोच्या मराठी मंडळाच्या बार्बेक्यूत, सत्तर माणसांसमोर, मी घरी केलेल्या बिअरचा एक घोट घेऊन हा श्रीकांत, म्हणे बिअर करण्यातला उस्ताद, काय म्हणाला? "यत्या, ही त्या गुलाबाला घाल... नको, त्यानं काय पाप केलंय?" सत्तर माणसं हसली हो! आमची अनुराधा, सख्खी बायको, ठसका लागेपर्यंत हसली! तेव्हाच ठरवलं, यंदा श्रीकांतला दाखवतोच!

तर यंदा बिअर लावणार, तेवढ्यात ह्याचा फोन. "यत्या, पहिले तीन दिवस भयंकर फसफसते हं. ड्रममध्ये वर जागा ठेव, झाकणाला जाड नळी लाव, टोक पाण्याच्या बादलीत सोड, आणि गॅरेजमध्ये थंड ठेव." तुम्हाला सांगतो, शत्रूचा सल्ला कुणी ऐकतं का? मी सगळं उलट केलं! ड्रम काठोकाठ भरला, नळी गेली उडत, झाकण गच्च दाबलं, आणि ठेवला कुठे? गरम पाण्याच्या बॉयलरच्या उबदार कपाटात! अहो, ह्या देशात इडलीचं पीठ दुसरीकडे फुगतं का कुठे? खालच्या फळीवर अनुराधाचं पिठाचं पातेलं, वरच्या फळीवर माझा ड्रम, त्याला आईची शाल. म्हटलं, श्रीकांतला दाखवतोच!

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासतोय, तर... धडाम! कपाट उघडतो तर झाकण टॉवेलांत, ड्रम आडवा, शाल चिंब, आणि फळीच्या फटींतून बिअर टपटप टपटप... थेट पिठात! खालून अनुराधा, "यतीन, काय पडलं?" म्हटलं, "शाम्पू!" त्याच दुपारी श्रीकांतकडे मंडळाची मीटिंग, हिनं साठ इडल्या कबूल केलेल्या. काय करणार? पीठ ढवळलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

श्रीकांतनं नऊ खाल्ल्या. नऊ! "वहिनी, काय हलक्या झाल्यात! अशी इडली पुण्यात खाल्ली नाही. घालता काय ह्यात?" वहिनी लाजल्या. आणि मी? माझ्या आयुष्यातली एकमेव यशस्वी बिअर तो चटणीला लावून खातोय, आणि मला बोलता येईना! तिथेच ठरलं, यंदाच्या बार्बेक्यूला बिअर श्रीकांतची, इडल्या आमच्या.

पण हिच्या इडल्या परत काही तशा होईनात. "त्या दिवशी काय वेगळं झालं होतं रे?" रोज विचारते, रडकुंडीला आलीय बिचारी. म्हणून परवा गुपचूप पुन्हा ड्रम भरला. काठोकाठ. नळी नाही, शाल आहे.

श्रीकांतला दाखवतोच म्हटलं होतं ना? दाखवतोय की... त्याच्या बिअरला चखणा पुरवून!