आर्बर निघेना

अरे, ही गेल्यापासून मी सातपूरच्या घरात एकटाच ड्रिल मशीनशी खेळत बसायचो. एकदा ड्रिलचं बिट पकडणाऱ्या बिनचावीच्या चकमागचा दांडा, म्हणजे आर्बर, काही केल्या निघेना. दोघांमधल्या फटीत दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या, तर चक धरायला माणूस हवा. शेवटी शेजारच्या सलीमभाईंना हाक मारली. तेही एकटेच राहतात, पण चार वर्षांत आमचं बोलणं मान हलवण्यापुरतंच. त्यांनी चक धरला, मी ठोकलं, दांडा टणकन बाहेर आला. चहा पिऊन ते गेले आणि घर पुन्हा गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई दारात उभे. हातात त्यांचा स्वतःचा चक.

"माझाही अडकलाय, भाऊ."

मी हातात घेऊन पाहिला. दांडा आत नुसता खुळखुळत होता.

"फार घट्ट बसलाय," मी म्हणालो. "वेळ लागेल. आत या, बसा."