या वर्षीचा एक

फोरमन : …म्हणून म्हणतो मॅडम, आज तुम्ही खाली उतरू नका.

मॅडम : काका, मी सुरक्षा अधिकारी. मीच उतरायचं नाही?

फोरमन : सहाच्या भोंग्यापर्यंत नको. सहाला कंपनीचं वर्ष संपतं. मग या, चहा पाजतो.

मॅडम : साडेपाच झालेत. या काचेतून सगळं दिसतंय मला. रोलर चालू आहेत, कागद सुटतोय आणि माणसं भिंतीला पाठ लावून उभी. का?

फोरमन : एक अजून बाकी आहे ना.

मॅडम : एक काय?

फोरमन : तुम्हीच लिहिलाय की तक्त्यात. ‘गंभीर इजा, वर्षाला : एक.’

मॅडम : अहो, ती जोखमीची भूक! काम करायचं तर एवढा धोका पत्करू, असा अर्थ. त्याच्यापुढे गेलं की सहनमर्यादा संपली, मशीन बंद. ती काय मागणी आहे?

फोरमन : मला कळतं हो. त्याला कळत नाही.

मॅडम : कुणाला?

फोरमन : अजून बारसं केलं नाही आम्ही. पण चौदा वर्षं बघतोय. तुमच्या आधीच्या साहेबांनी दोन लिहिले, दोन झाले. त्यांच्या आधीच्यांनी तीन. दिलदार माणूस! तिसरा शेवटच्या दिवशी, सहाला दहा कमी असताना.

मॅडम : कोण होता तो?

फोरमन : माझी ही बाही रिकामी आहे, हे तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिलंत. विचारलं मात्र नाहीत.

मॅडम : …योगायोग असेल, काका.

फोरमन : असेल. माझी सून चार नंबरवर आहे. म्हटलं, आज रजा टाक. तर म्हणते, बाबा, मग तिथे दुसऱ्या कुणाची तरी सून उभी राहील.

मॅडम : मी शून्यच लिहिणार होते. बैठकीत सगळे हसले. म्हणाले, मग कारखाना उघडायलाच नको! म्हणून एक लिहिला, कमीत कमी म्हणून. कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर नव्हता हो.

फोरमन : असता तर पेन उचललं नसतं तुम्ही.

मॅडम : आण इकडे ती फाइल… सॉरी, आणा. खोडते. हे बघा, शून्य. भूक शून्य, मर्यादा शून्य.

फोरमन : खाली बघा.

मॅडम : चार नंबरचा वेग कुणी वाढवला?

फोरमन : जवळ आहे का कुणी? तोंडचा घास काढलात त्याच्या.

मॅडम : कागद फाटला… काका, ती पुढे का येतेय?

फोरमन : जोडायला. तिचं कामच आहे ते. अगं ए, थांब! थांब गं पोरी!

मॅडम : काचेपलीकडे ऐकू जात नाही! सरका. लाल बटण इथेच आहे.

फोरमन : इजा झाल्याशिवाय ते दाबायचं नाही, असा नियम आहे.

मॅडम : शून्य लिहिलंय ना मी? मग वाट कसली बघायची?

(बटणाचा खटका. खालची घरघर मंदावत थांबते.)

मॅडम : काका, डोळे उघडा.

फोरमन : तुम्हीच सांगा.

मॅडम : उभी आहे. हात हलवतेय आपल्याकडे बघून. दोन्ही.

फोरमन : …हं.

मॅडम : फोन वाजतोय. मोठे साहेब. मशीन का थांबवलं विचारतील. कोण जखमी, कुठे, किती. काय सांगू?

फोरमन : सांगा, कुणालाही काही झालेलं नाही.