दारावरची कोरफड

माहेर माझं चिमूरकडचं, बाप धानाची शेती करायचा, आम्ही पाच बहिनी, अन् मायची एकच शिकवण, हातातलं काम संपल्याशिवाय दुसऱ्याले हात लावायचा नाई, म्हनून माझं आजही सारं जागच्या जागी असते, इळा खुंटीले, राख डब्यात, रेती कोपऱ्यात. लग्न होऊन मी इथी धानोऱ्याले आली. घरी सासू अन् हे, बस. ह्यांचं काम सागवानाच्या तराफ्यांवरचं, जंगलातले लठ्ठे, म्हंजे ओंडके, बांधून सिरोंच्याकडं नदीत सोडायचे, त्यांच्यावर उभं राहून खाली तेलंगी मुलखात न्यायचे, अन् पायी परत यायचं. काय सांगू तुम्हाले भाऊ, अर्धं वर्ष मानूस पान्यावर.

आमच्या घरची एक रीत होती. मानूस बाहेर निघाला का दारावर कोरफड उलटी टांगायची, मुळ्या वर अन् पानं खाली, काळ्या दोऱ्यानं, संग एक बिबा. ती हिरवी तोवर मानूस सुखरूप. अन् उतरवायची ती त्यानंच, परत आल्यावर, दुसऱ्या कोनी हात लावायचा नाई. हे उंच होते, आत येता-जाता कोरफड त्यांच्या डोक्याले लागायची, अन् सासू म्हने, लागू दे रे बाबू, तिचा हात हाये तो.

मंग एका सालचे तराफे गेले, संगतचे लोक आले, हे आले नाई. कोनी म्हने तिकडंच काम धरलं, कोनी म्हने नदीले पूर होता. डोळ्यानं पाह्यलं म्हननारा एक नाई. सासू वाट पाहून पाहून गेली. मी राह्यली, अन् दारावरची ती.

तिले माती नाई, पानी नाई, तरी पानं वाकून वर उजेडाकडं वळलेली. पन देशात पयलं मतदान झालं त्या साली उन्हाळा लई कडक होता, पानं चिपाडासारखी झाली. माह्या जिवाचं पानी झालं. उतरवता तर येत नाई, मंग मी काय केलं, रोज सकाळी पाटावर उभी राहून तिच्या मुळ्यांवर लोटाभर पानी घालू लागली. पानं फुगली, मले वाटलं जगली. अन् एक दिवस मी दारात तांदूळ निवडून राह्यली होती तं थप्पकन माह्या पुढ्यात पडली, बुडातून सडलेली, वास येऊन राह्यला. कोरडी राह्यली असती तं जगली असती, भाऊ. मायेनं सडवली मी.

शेजारची पारबता धावत आली, मंग साऱ्या जनी. पारबता म्हने, बाई व, तिनंच सांगतलं आता, चाल नदीवर, बांगड्या उतरव. मी म्हनलं, थांब, पयले मले हे निस्तरू दे. ती म्हने, तुले बाप्पा अशा वेळीबी झाडलोटच सुचते! मी खुंटीवरचा इळा घेतला, सडलेलं सारं कापून काढलं, तं बुडाशी एक पिल्लू निघालं, बोटाएवढं, हिरवंगार. मी साऱ्यांसमोर म्हनलं, हे रुजलं तं मी सवाशीन, नाई रुजलं तं तुम्ही म्हनान तिथी येते.

पिल्लू सावलीत ठेवलं, कापलेली जागा सुकू दिली. फुटक्या गाडग्यात रेती अन् थोडी राख घातली, त्यात बसवलं, अन् पानी नाई. हात शिवशिवत होता, पन नाई. लोटा उचलून वर फळीवरच ठेवून दिला. मंग एका सकाळी मधातून नवं पान निघालं. पारबताले बोलावून दाखवलं, तिनं पान बोटानं चाचपलं अन् निघून गेली.

त्या गाडग्यातून पुढं पिल्लांवर पिल्लं झाली. एक मी दारावर टांगलं, पयल्यासारखंच. बाकीच्यांची घरामागं सारी वाडी झाली. मोगऱ्याची, कन्हेरीची फांदी लावाची असन तं बूड कोरफडीच्या गरात बुडवते, मंग मातीत, बहुतेक जगते. रोपं न्याले बाया येतात, पन कुंपनावरूनच घेतात, आत बसत नाई कोनी. हळदीकुंकवाले बोलवत नाईत, अन् विधवांतबी मोजत नाईत. बांगड्या हातात हायेत तेवढ्या. त्यांचा आवाज मी एकलीच ऐकते.

मले काई समजत नाई असं नाई, भाऊ. तेलंगी मुलूख का एवढा दूर हाये? पन झाडाशी बोली केली होती, झाडानं पाळली, मंग मी कशी मोडू?

निघता? हे मोगऱ्याचं रोप घरी न्या, पानी बेतानं घाला. अन् तुम्हीबी उंच, दारात वाका... नाई, राहू द्या, वाकू नका. लागू द्या कोरफड डोक्याले. मी बुटकी, माह्यानं ती हालत नाई. किती दिवसांनी हालली पाहा. जा, सुखानं जा, घरी कोनी वाट पाहत असन.