भुसा म्हणजे नेमका कोणता

विषय : गच्चीच्या कोपऱ्यातल्या बारा कुंड्या हटवणेबाबत. संदर्भ : अर्जदाराच्या दोन तोंडी तक्रारी. — बसा हो चिटणीस, इमारतीचा कारभार असा दारात उभं राहून होत नाही. तर, उपरोक्त कुंड्या वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांच्या असून त्यांच्या वजनाने स्लॅबला धोका संभवतो. झालं, एवढंच कारण. — मी जळतो? कंपाउंडरांच्या टोमॅटोंवर? अहो, एकोणतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं, दुसऱ्यांच्या बढत्यांचे आदेश या हातांनी टाइप केले, तेव्हा नाही जळलो! — टोमॅटो चांगले आहेत, नाही कोण म्हणतंय. लालभडक, घोसच्या घोस. पण जन्मभर औषधं ढवळणाऱ्यानं आता माती ढवळली, यात कर्तृत्व ते काय?

मीही लावले होते, बादल्यांत. जिन्यात गाठून विचारलं त्यांना, मोठेपणा बाजूला ठेवून. म्हणाले, "काही नाही हो काका, थोडा भुसा मिसळायचा. माती मोकळी राहते." काका! दोन वर्षांनी लहान आहे फक्त. — मी सुताराकडून पोतंभर भुसा आणला, ताजा, करवतीखालचा. भुसा म्हणजे भुसाच ना? महिन्याभरात रोपं कावीळ झाल्यासारखी पिवळी. तर आमची ही म्हणते, "अहो, वरचे भावजी भाताच्या तुसाला भुसा म्हणतात. गिरणीतून आणतात, तेही वर्षभर कुजवतात. लाकडाचा ताजा भुसा मातीचं बळ स्वतःच खातो." — म्हटलं, तुला गं कसं ठाऊक? तर म्हणे, "मीच चाळून देते ना रोज."

रोज! मला वाटायचं, कपडे वाळत घालायला जाते. एवढे कपडे आहेत कुठे आमच्याकडे? चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एका फायलीत डोकावली नाही, आणि तिथे तूस चाळते! हसतेसुद्धा. — मुद्दाम नाही हो ऐकत, गच्चीच्या जिन्यात वरून तिसऱ्या पायरीवर बसलं की ऐकू येतंच.

वजन? केलं ना, पुराव्याशिवाय अर्ज करीन? कंपाउंडर दुपारी झोपतात तेव्हा ताणकाटा नेला. त्यांची कुंडी सहा किलो — तुसानं माती हलकी होते म्हणे. माझी बादली? ते अर्जात नाही. — बरं, अकरा. ओला भुसा आहे हो तो! हसताय काय?

थांबा, चपला वाजल्या. — काय गं? कसलं पोतं? — तुसाचं? मला? त्यांनी दिलं? — आणि चाळलंय कुणी हे? — तू. माझ्यासाठी. — बरं, ठेव तिथे. केसांत तूस अडकलंय तुझ्या. — आणि उद्या? उद्याही जाणार वर? — हं.

चिटणीस, निघा तुम्ही. मला बादल्या रिकाम्या करायच्यात. — नाही, फाडू नका. मंजूरही करू नका. शेरा मारा आणि दार ओढून घ्या : अर्ज प्रलंबित.