तीन हाका

दौलतशेठ: तुझ्या रजिस्टरला मी हात लावनार न्हवतो, आफरीन. पन हे पानापानावर लाल पेनानी काय लिवलंय? "हना". कोनाला हाणायला सांगतेस?

आफरीन: हाणायला नाही हो चाचा. ह टिंब, ना टिंब. हजर नाही. पेशंटच्या नावाने तीन हाका मारायच्या. नाही आला तर "ह. ना." लिहायचं आणि त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी टाकायचा. माझाच नियम आहे.

दौलतशेठ: मंग झ्याक नियम हाय की! मी या दवाखान्याचा बारा वर्सं अध्यक्ष हाय. मानसं बाकड्यावर दोन-दोन तास जांभया देत बसायची. तू मोठी डॉक्टर म्हनून खुर्चीत बसलीस आन तीन महिन्यांत काम पाऊण तासावर आनलंस. उगाच न्हाय उद्याच्या वार्षिक सभेत तुझा सत्कार ठेवला. शाल मी स्वतः ठाण्याला जाऊन आनली. अंजिरी रंगाची. दुकानवाला भलतीच गळ्यात मारत व्हता, मी बोललो, आमच्या पोरीला हीच पायजे.

आफरीन: चाचा, मी शाल घेणार नाही.

दौलतशेठ: रंग बदलून देतील गं.

आफरीन: सत्कारच नको. अहो, रांग कशी लहान झाली ते मला या आठवड्यात कळलं. माणसं कंटाळून घरी जात होती, म्हणून रांग लहान होती.

दौलतशेठ: कोन बोललं? रामनाथ बोलला ना? तो ट्रस्टी झाल्यापासून टपून बसलाय. तुझ्या खुर्चीत त्याला त्याचा साडू बसवायचाय.

आफरीन: रामनाथकाका नाही. वरती बारा नंबरच्या पलंगावर एक नामा म्हणून आहे, टेमघरचा. लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, रातपाळी करतो. त्याला शुगर आहे, आणि पायाला जखम. सोमवार-गुरुवार ड्रेसिंगला यायला सांगितलेलं. पाच दिवसांपूर्वी त्याला दोघांनी उचलून आणला, पाऊल सुजून काळं पडलेलं. मी त्याच्यावर ओरडले, कुठे होतास इतके दिवस? तो म्हणतो, म्याडम, मी तर आलेलो. मला वाटलं खोटं बोलतोय. रजिस्टर काढलं. चार तारखांना नाव आहे, चाचा. चारही ठिकाणी लाल पेनाने "ह. ना."

दौलतशेठ: आला व्हता तर "हजर न्हाय" कसा लिवला?

आफरीन: बाकड्यावरच बसलेला होता. हाका त्याला ऐकूच गेल्या नाहीत. बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात काम केलंय, त्यातून रात्रभर उभा राहून सकाळी थेट इथे. मग शेवटच्या नंबरपर्यंत डोळे उघडे राहीनात, म्हणून घरी गेला. चार वेळा! पायाचं एक बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं, नशीब.

दौलतशेठ: अरेरे. त्याच्या घरात कोन हाय?

आफरीन: बायको आहे, दोन मुली. मग मी तीन महिन्यांचं सगळं रजिस्टर चाळलं. "ह. ना." झालेले एकशे सहा. त्यातले ब्याऐंशी लूमचे. आता बोला.

दौलतशेठ: बोलायचं काय त्यात? मोठा स्पीकर लावू. गनपतीला लावतात तसा.

आफरीन: स्पीकरने होत नाही. त्यांना आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. माझ्या घरात कळायला पाहिजे होतं मला हे! लूमवर आयुष्य गेलेले आमचे अब्बा टीव्ही लावतात तो अंजूरला तुमच्या अंगणात ऐकू येत असेल. अम्मी त्यांना हाक मारतच नाही, उठून समोर जाते. मी जन्मापासून बघतेय. आणि इथे खुर्चीत बसल्यावर मला काय सुचलं? तीन हाका! लाज वाटते हो मला.

दौलतशेठ: रडू नको बाय. रडू नको. चूक मानसाच्याच हातून व्हते. आता मी सांगतो तसं कर. नियम उद्यापास्नं बंद. नामाचा सगळा इलाज दवाखान्याकडून. आन सभेत गप बसून शाल घे.

आफरीन: आणि ते ब्याऐंशी? उद्या मला सभेत सगळं सांगायचंय. नामाचं बोट, रजिस्टर, सगळं. आणि पहिलं काम म्हणून एकच गोष्ट मागायचीय. सिस्टरने टेबलावरून ओरडायचं नाही. उठायचं, बाकड्यापाशी जायचं, माणसाच्या समोर उभं राहून नाव घ्यायचं. त्याला ओपीडीत एक सिस्टर जास्त लागेल. तिच्या पगारासाठी आयसीयू सध्या थांबेल.

दौलतशेठ: आयसीयू गेल्या सभेत ठरलंय! कागदावर एक नंबरला हाय.

आफरीन: एक नंबर एकालाच देता येतो ना? आणि खरं सांगू, रांगसुद्धा वाढून दीड तासावर जाईल. तेही सांगणार आहे.

दौलतशेठ: म्हंजे पाऊण तासाचं दीड तास केलं म्हनून तुझा सत्कार करायचा आमी? वेडी झालीस काय? रामनाथ तिथल्या तिथं तुझा राजीनामा मागंल. मी तुझ्या बापसाला जबान दिलीय. मोहिउद्दीन बोलला व्हता, दौलत, पोरगी मुंबईचं मोठं हॉस्पिटल सोडून तुझ्या भरवशावर इथं येते. मी काय तोंड दाखवू त्याला?

आफरीन: अब्बांना मी सांगेन.

दौलतशेठ: तू सांगशील, आन त्याला आयकू येनार न्हाय! बरं, असं कर. नियमाचं नाव काढू नको. बोल, शिष्टरनी हाका नीट मारल्या न्हाईत. ती रुचिका नवीन हाय, दोन बोलनी खाऊन घेईल.

आफरीन: चाचा, हे तुम्ही बोललात म्हणून मी ऐकून घेतलं. रुचिकाने मी सांगितलं तेच केलं. उलट दुसऱ्याच आठवड्यात ती माझ्याकडे आलेली, म्याडम, काही लोक समोर असतात आणि उठत नाहीत. मी काय म्हटलं माहितीये? नियम म्हणजे नियम. आता तिच्यावर ढकलू?

दौलतशेठ: बरं बाय, चुकलो. तिचं नाव नको.

आफरीन: चहा देते. थर्मास त्या खिडकीत आहे, बसा तुम्ही.

दौलतशेठ: साखर नको. काय करू मी हिचं? बापूस बी असाच. एकदा डोक्यात घेतलं की…

आफरीन: चाचा.

दौलतशेठ: …आमी दोघांनी एका शेडात आठ लूम चालवले, तवा बी याचं हेच…

आफरीन: चाचा!

दौलतशेठ: …आन कार्डं वाटून झालीत. पार मानकोलीपर्यंत दिलीत. लोकांना काय सांगायचं?

आफरीन: दौलतचाचा!

दौलतशेठ: …हां, आन आलं घातलं असंल तर बरं व्हईल. काय गं? अशी काय बघतेस माझ्याकडे?

आफरीन: मी खिडकीकडे तोंड करून तुम्हाला तीन हाका मारल्या. तिसरी तर चांगली मोठ्याने.

दौलतशेठ: मी बोलत व्हतो ना. आपल्या नादात.

आफरीन: माझ्या नियमाने तुम्ही हजर नाही. लाल पेन काढू?

दौलतशेठ: ठेव ते पेन खाली.

आफरीन: कधीपासून, चाचा?

दौलतशेठ: दार लोट ते. …आठ-दहा वर्सं झाली. समोर बसलेल्या मानसाचं कळतं, तोंडाचे व्होट कसे हलतात ते बघून. लूमवर सगळेच तसं बोलतात, हातानी आन व्होटांनी. म्हनून तर सभेत मी सगळ्यांना समोर बसवतो. लोकांना वाटतं, अध्यक्षांना शिस्त आवडते.

आफरीन: आणि रामनाथकाका?

दौलतशेठ: त्याच्या मिशा बघितल्यास ना? व्होटच दिसत न्हाईत मेल्याचे! त्याचं मना चार आन्यातलं एक आन्याचं कळतं. बाकी मान हलवायची.

आफरीन: अहो, आयसीयूचा ठराव त्यांनीच मांडलेला!

दौलतशेठ: मना वाटलं कँटीनचं चाललंय. मी बोललो, मंजूर.

आफरीन: या खुदा! चाचा!

दौलतशेठ: हस, हस. मघा रडत व्हतीस, त्यापेक्षा बरं. घरी आल्यावर कळलं काय मंजूर झालं ते, मंग पेढे वाटले मी आयसीयूचे. काय करनार? अध्यक्ष बहिरा हाय असं लोकांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली असती. मना हा दवाखाना सोडवत न्हाय गं. तीन खोल्या व्हत्या तवापासनं बघतोय.

आफरीन: कोणी नाही सोडायला लावत. कान मी तपासते, मशीन बसवू. अब्बांनी ऐकलं नाही माझं, तुम्ही तरी ऐका.

दौलतशेठ: बसव. आन उद्या पयला मी बोलनार.

आफरीन: काय बोलणार?

दौलतशेठ: हेच. की मना आयकू येत न्हाय, लूमनी कान खाल्ले, आन मी आठ-दहा वर्सं नुसती मान हलवून कारभार केला. ब्याऐंशी लोकांत एक माझं नाव लिवा. तवा कोनाची छाती व्हते तुझा राजीनामा मागायची ते मी बघतो. रामनाथला आधी मिशा कापून यायला सांगंन.

आफरीन: चाचा, तुमचीच खुर्ची जाईल अशाने.

दौलतशेठ: गेली तर बाकड्यावर बसू. ते सोड. नामाला सांगितलंस?

आफरीन: काय?

दौलतशेठ: हेच जे मना सांगितलंस. की तुझ्या नियमानं झालं.

आफरीन: …नाही. रोज जाते, पट्टी बघते, ताप बघते. तोंडापर्यंत येतं आणि परत फिरते. हिंमत होत नाही.

दौलतशेठ: मंग सभेचं काय घेऊन बसलीस मघापासनं? दोनशे लोकांना उद्या सांगनार, आन ज्याचं बोट गेलं त्याला ते लोकांकडून कळनार? पयलं काम ते हाय, पोरी. बाकी सगळं मंग.

आफरीन: तुम्ही येता बरोबर?

दौलतशेठ: येतो की. चहा राहू दे.

(वॉर्डातला बारा नंबरचा पलंग. नामा उशीला टेकून बसला आहे. आफरीन स्टूल ओढून त्याच्या अगदी समोर बसते.)

नामा: या शेठ! बसा! माझा आवाज मोठा हाय, रागावू नका, मना कळत न्हाय किती निघतो ते!

दौलतशेठ: निघू दे. माझा बी तसाच हाय. म्याडमना तुझ्याशी बोलायचंय. तिच्या तोंडाकडे बघ.

आफरीन: नामाभाऊ, मी सावकाश बोलते. तुम्ही चार वेळा ड्रेसिंगला आलात. चारही वेळा तुमचं नाव पुकारलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी उठून तुमच्यापर्यंत आलं नाही. तसा नियम मी केला होता. तुमचं बोट माझ्या चुकीने गेलं. मी तुमच्यावर ओरडले तेही चुकलं. मला माफ करा.

नामा: पुकारलं व्हतं?

आफरीन: हो.

नामा: चारही दिवस? माझं नाव?

आफरीन: प्रत्येक दिवशी. तीन-तीन वेळा.

नामा: आन मी बायकोला दर वेळी घरी जाऊन सांगायचो, आपल्याला कोन बोलावतंय तिथं.