डावीकडे वळली म्हणून

— अगं, माफी कसली मागतेस? बस आधी. तो माझा मास्क खाली ठेव आणि बस. तुझ्या संघातल्या त्या खारूताईनं हेल्मेट आपटलं, आपटू दे, मैदानाला काय लागतंय? आणि तू तिला सगळ्यांसमोर झापलंस — "बाईंना उलट बोलतेस? त्यांनी मला सॉफ्टबॉल शिकवलाय!" — ऐकलं मी ते. होमची पाटी झाडायचा ब्रश हातात धरून तिथंच उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

काय झालं सांग बरं परत. नको, मीच सांगते. शेवटचा डाव, दोन आउट, तुम्ही एका रननं मागे. तुझ्या खारूताईनं बॅटनं चेंडू ढकलला, जीव खाऊन पळाली, चेंडू यायच्या आत पहिल्या बेसवर पाय — सेफ. मीच दिलं ना सेफ? वेगात होती म्हणून बेसच्या पुढं गेली, तेवढी मुभा असते तिथं. मग परत यायला वळली — डावीकडून, मैदानाच्या आतल्या बाजूनं. समोरच्या संघातल्या त्या लांब वेणीवालीनं मागून येऊन तिला चेंडू लावला, माझ्याकडं बघितलं, आणि माझा हात वर गेला. आउट! मॅच खलास. का? तर डावीकडे वळली म्हणून. तुम्ही माझ्याकडं खेळायचात तेव्हा तुम्हालाही हेच शिकवलं ना मी — उजवीकडं वळायचं, रेषेबाहेर, डावीकडं वळलात की मेलात — शिट्ट्या फुंकून फुंकून घोटून घेतलं. म्हणूनच तर तू आज एक शब्द बोलली नाहीस.

तसा नियमच नाहीये.

हसतेस काय? खरंच नाहीये. दुसऱ्या बेसकडं जायचा प्रयत्न केला तरच आउट. नुसतं वळून काही होत नाही — डावीकडं वळ, उजवीकडं वळ, नाहीतर गिरकी घे! आणि ती पोर चालत येत होती गं, धापा टाकत, कमरेवर हात ठेवून. दुसरा बेस कुठं, ती कुठं! मला दिसत होतं. आत्ता पुस्तक उघडून बघितलं तेव्हा कळलं मला, म्हणून म्हटलं —

नाही. आत्ता नाही कळलं. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? मागच्या महिन्यात अंपायरांचं शिबिर झालं, तिथं फळ्यावर बाण काढून सांगितलं होतं. मी मागच्या बाकावरून म्हटलं, "अहो, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी आउट देतेय!" सगळे खो खो हसले. काय बरं वाटलं म्हणून सांगू. आणि आज — आज हात वर जायच्या आधीच आठवलं ते. हे नव्हतं सांगायचं तुला. पण हात खाली ठेवला असता, तर आजवर दिलेल्या त्या सगळ्या आउटचं काय? किती पोरी रडत बाकावर जाऊन बसल्या. तूही एकदा बसलीस. त्या दिवशी पाण्याचा घोट घेतला नाहीस, आणि मी तुलाच रागावले, लक्ष नसतं म्हणून. लाज वाटते गं. तुझ्याकडं बघवत नाही मला.

ऐक आता. नियमाची चूक असेल तर संघाला हरकत घेता येते, पण अंपायर मैदान सोडायच्या आत. मघापासून मी बुटाची नाडी बांधतेय, ते काय मला गाठ मारता येत नाही म्हणून? स्वतःहून बोलायची छाती होईना. म्हटलं, तू येशील भांडायला. तर तू आलीस हात जोडून!

काय? जाऊ दे? माझं नाव खराब होईल? नावाचं काय लोणचं घालायचंय मला? ती बघ, पाण्याच्या पिंपाआड बसून बुटाचा चिखल खरवडतेय. तिला वाटतंय, संघ तिच्यामुळं हरला. तूच म्हणालीस तसं.

मान नको हलवूस. तुला नाही जमायचं, माझीच शिकवण ती — बाईंना उलट बोलायचं नाही. तिला जमतं. कॅप्टन आहे ना ती? मग हरकत तिलाच घेऊ दे. तिला म्हणावं, हेल्मेट घाल, इकडं ये, आणि मघाशी ओरडलीस तेच — मी दुसऱ्या बेसकडं निघालेच नव्हते — बाईंच्या तोंडावर परत ओरड. — अहो दादा! तो बेस उचलू नका! पहिला बेस राहू दे तिथंच! — बघत काय बसलीस? जा, पळ. या नाडीला आणखी किती गाठी मारू मी?