बँकेची गाय

हॅलो?… कोण?… मुकर्रम! अगं, जरा मोठ्याने बोल, वासरू हंबरतंय… हो, वासरूच. इथे, माझ्या अंगणात.

बरी आहे मी. गुडघे आहेत तसेच आहेत. बिश्केकला बर्फ पडला का?… राहू दे, बर्फाचं सांगायला तू फोन केलेला नाहीस. नवरोजनंतर आज आठवण झाली थोरल्या बहिणीची. बोल.

हो, आहे इथेच तुझा जमशीद. चहा दिला, नान ठेवलं पुढ्यात. दारात आलेल्याला चहा देतेच मी, मग तो कुणी का असेना.

काय सांगितलं त्याने तुला?… हं… हं… "एक छोटीशी सही"? असं म्हणाला? आणि सआदत अडून बसलीय, असं?… अगं ऐक ना. ऐक आधी. तुला अर्धंच सांगितलंय त्याने, आणि तेही साखर घालून.

गाय मेली, हे सांगितलं का?… हे सांगितलं. कुणाची गाय मेली?… नाही. नाही, मुकर्रम. सआदतची नव्हे. इथेच तर सगळी मेख आहे.

सआदत आठवते ना तुला? आपल्या गल्लीतली, साय विकते ती. नवरा रशियात गेला तो गेलाच. तिची गाय भाकड झाली, तेव्हा तुझा लेक इथे ओशमध्ये आला गळ्यात टाय बांधून. म्हणाला, मावशी, आता व्याज नाही, सावकार नाही, सगळं हलाल. मी मोबाइलवर तिचा फोटो टाकतो, जगभरातले भले लोक थोडेथोडे पैसे घालतात. कझानमधून, दुबईतून. ते सगळे भागीदार. नफ्यातही आणि तोट्यातही… हो, "तोट्यातही" म्हणाला होता. मी समोशासाठी कांदा चिरत होते, हात थांबवून ऐकलं होतं मी ते.

हो, हो, बँक वेगळी आणि जमशीदची कंपनी वेगळी, माहीत आहे. इस्लामी बँक. लोकांचे पैसे त्याने गोळा करायचे आणि ठेवायचे बँकेत. मग बँक गाय विकत घेणार आणि चढ्या भावाने सआदतला विकणार, हप्त्याने. व्याज नाही, विक्री आहे… मला शिकवू नकोस गं. विक्री आहे ना? मग विकणाऱ्याची वस्तू आधी त्याची स्वतःची असायला हवी. एक दिवस का होईना, तिचा धोका त्याने अंगावर घ्यायला हवा, तरच नफा खिशात घालता येतो. हे आपल्या मशिदीतला दारवानही सांगेल.

तर झालं असं. रविवारी गुरांच्या बाजारात गेले हे. जमशीद आणि बँकेचा तो एल्मुरोद, पॉलिश केलेले बूट घालून. सआदतला एक बारकी, ओळखीच्या घरची गाय पसंत होती. हे म्हणतात, नको, फोटोत बरी दिसत नाही, लोकांना धष्टपुष्ट गाय आवडते!… हसू नकोस, माझं डोकं फिरलंय. घेतली टंच गाभण गाय. दिवस भरत आलेले, आणि ट्रकमध्ये उभी करून खड्ड्याखड्ड्यांतून आणली. मग त्या एल्मुरोदने तिच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. कशासाठी? तर बँकेने ताबा घेतला याचा पुरावा. हात ठेवला आणि लगेच रुमालाने पुसला. मी पाहिलं.

आणि म्हणाले, सही उद्या, ऑफिस उघडलं की. आज गाय बँकेची, बांधा तुमच्या गोठ्यात.

पहाटे गाय अडली. वासरू आडवं. सआदत मला बोलवायला आली, मी गेले… हो, या गुडघ्यांनी गेले. शेजारची हनीफा आली. ओढून काढलं वासरू, जिवंत. पण गाईचं रक्त काही थांबेना. सगळ्यांना दिसत होतं, ही काही उठत नाही. कसाई सुरी घेऊन दाराशी उभा. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली असती, तर निदान मांस तरी कामी आलं असतं, अर्धे पैसे निघाले असते.

पण सआदत म्हणाली, आपा, गाय माझी नाही. मी कशी कापू?

बरोबरच बोलली ना?… तर तिने जमशीदला फोन केला. जमशीदने एल्मुरोदला केला. एल्मुरोद म्हणाला, भागीदारांचा पैसा आहे, मला वर विचारावं लागेल. वर कुणी उचलेना. मग म्हणे बँकेच्या समितीतल्या मौलवींना विचारू, धर्मात बसतं का ते. आणि आम्ही सगळ्या तिथे उभ्या, कसाई उभा, गाईचे डोळे फिरलेले… परवानगी आली गं. आली! गाय थंड झाल्यावर आली. मेलेलं जनावर कोण खाणार? हलाल हलाल म्हणत अख्खी गाय हराम केली यांनी. खड्डा खणून पुरली.



आता ऐक तुझी छोटीशी सही. विक्रीच्या कागदावर सआदतने सही करायची, पण तारीख घालायची रविवारची. म्हणजे गाय मेली तेव्हा सआदतची होती. म्हणजे हप्ते सआदतने भरायचे, मेलेल्या गाईचे… नाही, तू सांग ना! गाय तिची होती, तर पहाटे तिला परवानगी मागायला का लावली? नफ्याच्या वेळी बँक मालक आणि मरणाच्या वेळी सआदत मालक?

मी एल्मुरोदला विचारलं. तो म्हणतो, पैसा तर मोबाइलवरच्या लोकांचा. जमशीदला विचारलं. तो म्हणतो, आम्ही फक्त पैसे गोळा करतो, ताबा बँकेचा. दोन जावा एकमेकींकडे बोट दाखवतात ना, खीर करपल्यावर, तसं. आणि ते जगभरातले भागीदार? त्यांना अजून जाड गाईचाच फोटो दिसतोय.

जमशीदची नोकरी जाईल?… जाऊ दे… रडू नकोस. मुकर्रम, रडू नकोस, मला राग येतो.

तुला आठवतं का गं, कोलखोजचा गोठा, सोव्हिएत काळातल्या सामुदायिक शेतीवरचा, बाबा राखायचे तो? तू लहान होतीस, पण आठवत असेल. गाई सगळ्यांच्या, म्हणजे कुणाच्याच नाहीत. वासरू झालं की अध्यक्ष यायचे फोटोला. ती पांढऱ्या कपाळाची मेली तेव्हा कोण आलं होतं? कागद आला होता. "छोटीशी सही कर, राखणीत कसूर झाली म्हणून." बाबांनी केली. भला माणूस, नाही म्हणता येईना त्याला. त्यानंतर बाबांना कुणी गोठ्यात उभं केलं नाही. आई त्यांच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि ते नुसते नानचे तुकडे करत बसायचे… हो. तेच तुकडे. चिमण्यांना घालायचीस ना तू, तेच.

म्हणून सांगते, माझ्या तोंडून सआदतला "कर सही" असं निघणार नाही. ती माझं ऐकते, म्हणूनच तर तू मला फोन केलास. मला कळत नाही का!

काय करणार म्हणजे? आमची गाप आहे ना अजून, बायकांची भिशी. बाराजणी होतो, सातजणी उरलोत. दर महिन्याला एकीच्या घरी पुलाव आणि एकीला सगळा पैसा. एल्मुरोद हसला ऐकून. म्हणे, हे मागासलेलं. मी म्हटलं, बाळा, आमच्यात कुणाची गाय मेली तर रडायला सहाजणी येतात, तुझ्या दुबईहून कोण आलं?… या महिन्याची पाळी माझी होती. दिली मी सआदतला… हो, ते पैसे माझ्या दातांसाठीच होते. बसतील दात नंतर. तोवर पुलाव मऊ शिजवीन.

जमशीद?… बाहेर अंगणात आहे, वासराजवळ. अगं, वासरू बँकेचंच ना? बँकेची गाय व्याली, तर वासरू बँकेचं. मग सआदतने का पाजायचं? एल्मुरोद तर गाडी घेऊन पळाला, बूट खराब झाले त्याचे. उरला तुझा लेक. हनीफाच्या गाईचा चीक आणला, बाटलीत भरला आणि दिला त्याच्या हातात. म्हटलं, मालकांनी पाजावं.

खिडकीतून दिसतोय ना. टाय पाठीवर टाकलाय, गुडघे चिखलात. आधी धड बाटली धरता येईना. आता बरी धरलीय… पितंय. चुटूचुटू पितंय. डोकं मांडीवर घेतलंय त्याने. बाबा घ्यायचे तसं.

नाही, आत्ता देत नाही त्याला फोन. थांब… त्याच्या खिशातला वाजतोय. तू नाहीस ना?… मग बँकच असणार. कागदासाठी.

वाजतोय अजून… बघितलं त्याने खिशाकडे…

नाही. नाही उचलत. बाटली बदलली या हातातून त्या हातात, पण नाही उचलत.

ठेव आता, मुकर्रम. दुसरी बाटली भरायचीय, आणि तुझ्या लेकाला अजून कुणी जेवायला वाढलेलं नाही.